फाटकाची बाहेरची बाजू

सरनाईकबाईंच्या फाटकाची नियंत्रण-पेटी उघडली तेव्हा सुहास धुरीला आत पालीची अंडी दिसली. दोनच होती. विद्युत्फलकाच्या कोपऱ्यात, रोहित्राशेजारी, जिथे थोडी ऊब असते तिथे.

"पाल आहे का आत?" सरनाईकबाईंनी व्हरांड्यातून विचारलं. त्या मुंबईहून निवृत्त होऊन इथे आल्या होत्या आणि एकट्या राहत होत्या.

"बाळंतीण होऊन गेली."

"बरं झालं. या घरात कुणीतरी मुक्कामाला आलं म्हणायचं."

सुहास हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव रेवतीचं, त्याच्या बायकोचं होतं, आवाज पुरुषाचा होता. बोलणारा बाजारातला रिक्षावाला होता. ताई मासळीबाजाराच्या पायरीवर पडल्या, आम्ही दवाखान्यात आणलंय, तुम्ही या, असं तो म्हणाला. मग त्यानं फोन दुसऱ्या कुणाला तरी दिला. ती डॉक्टर होती. तिनं सुहासला नाव विचारलं, नातं विचारलं, तुमच्याबरोबर कुणी आहे का असं विचारलं, आणि मग सांगितलं.

सुहासनं फोन खिशात ठेवला. पेटीचं झाकण लावलं आणि चारही स्क्रू नीट आवळले. उघडी पेटी तशीच टाकून जाणं त्याला जमलं नाही. या हवेत उघडी पेटी एका दुपारीत खराब होते. सरनाईकबाई पाण्याचा ग्लास घेऊन पायऱ्या उतरल्या.

अंडी आतच राहिली हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं.

*

सागरनिवांत ही वसाहत वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, समुद्राच्या वरच्या सड्यावर, कातळी पठारावर, होती. किनारी महामार्ग झाल्यावर ती वसली. बंगले पुण्या-मुंबईच्या लोकांचे. काही कायमचे राहायला आलेल्यांचे, बरेचसे सुट्टीपुरते येणाऱ्यांचे. प्रत्येक बंगल्याला स्वयंफाटक होतं. गाडी वळणावर आली की मालकानं दूरनियंत्रकाचं बटण दाबायचं आणि फाटक रुळावरून सरकत भिंतीआड जायचं. गाडी आत गेली की आपोआप बंद व्हायचं.

फाटकं बसवणाऱ्या कंपनीतर्फे या सगळ्यांची देखभाल सुहासकडे होती. तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. आधी गोव्यात एका कारखान्यात होता. मग रेवतीला गावाजवळ राहायचं होतं म्हणून ही नोकरी घेतली. त्यांचं स्वतःचं घर वसाहतीच्या टोकाला होतं. मूल नव्हतं.

किनाऱ्यावर फाटकाचे शत्रू ठरलेले असतात. रुळात वाळू, पेटीत मुंग्या, फाटक टोकाला थांबवणाऱ्या थांबकळीवर खाराचा पांढरा थर, आणि सगळ्यावर गंज. पहिल्या तिन्हींचा बंदोबस्त सुहास करू शकत होता. गंजाचा बंदोबस्त म्हणून चार वर्षांपूर्वी जीवलेप आला.

जीवलेप म्हणजे जिवंत रंग. रंगाच्या डब्यातून तो पत्र्यावर लावायचा, पण तो वाळून मरत नाही. त्यात जंतूंची एक जात असते. हे जंतू हवेतला ओलावा आणि खार घेतात आणि पत्र्यावर साय धरावी तसा चिवट, काळपट हिरवा पापुद्रा धरतात. तो पाणी आत जाऊ देत नाही. ओरखडा पडला तर आठवड्याभरात आपोआप भरून येतो. रंग दर पावसाळ्यानंतर नवा लावावा लागतो, जीवलेप एकदाच. तो बनवला होता क्षरण प्रयोगशाळेतल्या डॉ. नीलोफर मुकादम यांनी. क्षरण म्हणजे गंजणं, झिजणं. त्या प्रयोगशाळेचं सगळं काम त्यावरच चालायचं.

प्रयोगशाळेत जीवलेप उत्तम टिकला. वसाहतीत दीड वर्षात गळायला लागला.

सगळीकडे नाही, आणि तेच कोडं होतं. त्याच सड्यावर शाळेच्या फाटकाला तोच लेप होता, तो टिकला. मशिदीच्या दाराचा टिकला. एका गोठ्याच्या लोखंडी दाराचाही टिकला. गळला तो फक्त स्वयंफाटकांवरचा. यावरून सुहासनं निष्कर्ष काढला की दोष मोटरचा आहे. ओल्या हवेत मोटरमधून बारीक वीजगळती होते, ती पत्र्यात उतरते आणि जंतू मारते. त्यानं प्रत्येक फाटकाला वेगळी भूतार, गळकी वीज जमिनीत नेणारी तार, बसवली. काही फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट या निष्कर्षात बसत नव्हती. सुहासच्या स्वतःच्या फाटकाला तीच मोटर होती, तरी त्याचा लेप आरशासारखा अखंड होता.

"माझं फाटक आहे ते," रेवती सांगायची. "तुमच्या कंपनीचं नाही."

ती चालत बाहेर पडायची, गाडीनं नाही. फाटक सरकायला लागलं की त्याच्याबरोबर पत्र्यावर तळवा ठेवून चालायची, वासराच्या पाठीवर हात ठेवून चालावं तशी. सुहास तिला बजावायचा. हाताच्या घामात मीठ असतं, मिठानं गंज धरतो, हे कुणालाही कळतं. प्रत्येक फाटकावर आतून-बाहेरून 'हात लावू नये' अशी पट्टी चिकटवायचा नियम त्यानंच केला होता.

"स्वयंफाटक आहे, रेवती. हात लावायला लागू नये म्हणून तर केलंय."

"मग मी काय करू, हात खिशात घालू? माझ्या गाऊनला खिसा नाही."

*

रेवती गेली वैशाखात. त्यानंतर पावसाळा आला आणि गेला. सुहास रोज कामावर जायचा. सकाळी लवकर निघायचा, अंधार पडताना यायचा, डब्यातलं खायचा. घरी मासे आणणं बंद झालं होतं. त्याच्या दारावरचा कॅमेरा श्रावणात धुकट होऊन बंद पडला, तो त्यानं दुरुस्त केला नाही. दारावर कोण आलंय ते बघायची त्याला गरज वाटत नव्हती.

नवरात्राच्या सुमारास एका सकाळी चहा घेऊन तो पायरीवर बसला असताना त्याला समोर फाटकाच्या आतल्या अंगाला तांबडा डाग दिसला. खालच्या कोपऱ्यात. जवळ जाऊन बघितलं तर दुसऱ्या कोपऱ्यातही होता. लेपाला पोपडे धरले होते. फक्त मध्यावर, कंबरेच्या उंचीवर, परातीएवढा भाग अजून काळपट हिरवा आणि धडधाकट होता.

पत्रा घासून साधा रंग मारणं हे एका दुपारचं काम होतं. ते त्याला करवेना. चार वर्षं या एकाच फाटकाला काही झालं नव्हतं. ती असताना काही झालं नव्हतं. आता हेही जायला निघालं, आणि ते का, हे कळल्याशिवाय त्याला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

तो मालवणला प्रयोगशाळेत गेला.

डॉ. नीलोफर खारधुक्याच्या पेटीपाशी होत्या. ही एक मोठी काचेची कपाटासारखी पेटी. तिच्यात खाऱ्या पाण्याचं धुकं सोडतात आणि पत्र्याचे तुकडे टांगून ठेवतात. समुद्रकाठची दहा वर्षं तिथे काही महिन्यांत उरकतात. त्यांनी हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. रेवतीच्या बाराव्याला त्या येऊन गेल्या होत्या.

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

"खोटं बोलता. असो. काय झालं?"

सुहासनं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "चला, शेवटी तुमच्या मोटरनं घरचं फाटकही खाल्लं. मी म्हणतच होते, माझा लेप चांगला आहे, तुमची वीज गळते."

"चार वर्षं नाही गळली आणि आता गळायला लागली? मी मोजून आलोय, डॉक्टर. गळती शून्य आहे. मोटर तीच, तारा त्याच, पाऊस तसाच."

"मग बदललं काय?"

"काहीच नाही."

"काहीतरी बदलल्याशिवाय असं होत नाही, धुरी. नीट आठवा. घरात काय बदललं?"

सुहासनं पेटीतल्या धुक्याकडे बघितलं. "घरात एक माणूस कमी झालं," तो म्हणाला.

तो हे गाऱ्हाणं म्हणून बोलला नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. डॉ. नीलोफरनी हळूच विचारलं, "वहिनी फाटकाला हात लावायच्या का?"

"नेहमी. मी सांगून थकलो."

"कुठे?"

"मध्यावर. इथे." त्यानं कंबरेशी हात धरला आणि तसाच धरून राहिला.

डॉ. नीलोफर उठल्या. पेटी उघडून त्यांनी पत्र्याचा एक तुकडा बाहेर काढला आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "मोजे."

"कसले मोजे?"

"हातमोजे. प्रयोगशाळेत सगळं हातमोजे घालून करतात. पण मोज्यांवर पावडर असते, तिनं जंतू मरतील म्हणून मीच मोजे बंद केले होते. चार वर्षं मी हे तुकडे रोज उघड्या हातानं उलटेपालटे करतेय. सगळ्या बाजूंना सारखं धुकं लागावं म्हणून." त्या खुर्चीत बसल्या. "माझे तुकडे टिकले. शाळेचं फाटक टिकलं, पोरं त्याला लोंबकळतात. मशिदीचं दार ढकलून उघडतात. गोठ्याचंही तसंच. आणि तुमची फाटकं..."

"आमच्या फाटकांना कुणी हात लावत नाही," सुहास म्हणाला. "मी पट्टी चिकटवलीय तशी."

त्यांनी मग कागदावर काढून त्याला समजावलं. जंतूंना ओलावा आणि खार हवेतून मिळतो. पण साय धरायला आणखी एक पदार्थ लागतो. लेप बनवताना तो थोडा मिसळलेला असतो. तो दीड वर्ष पुरतो. पुढे मिळाला नाही तर पापुद्रा उपाशी मरतो. माणसाच्या घामात तो असतो, अगदी थोडा, पण जंतूंना थोडाच पुरतो. एका जागी हात लागला की तिथून तो सबंध पत्राभर वाटला जातो. हात बंद झाला की आधी कोपरे मरतात, मग कडा, आणि हात लागायचा ती जागा सगळ्यांत शेवटी.

"घामातल्या मिठानं गंज धरतो असं मी समजत होतो," सुहास म्हणाला.

"साध्या पत्र्यावर धरतोच. तुमचं चुकलं नव्हतं. हा पत्रा साधा राहिला नव्हता, एवढंच."

*

प्रयोग करून खात्री करायला दिवाळी उजाडली. मोज्यांनी हाताळलेले तुकडे गळले, उघड्या हातांनी हाताळलेले टिकले. कंपनीनं पोषक-फवारा बनवायला घेतला: मोटरच्या पेटीतच एक लहान कुपी, फाटक सरकताना आपोआप थेंब सोडणारी. तो पुढच्या हंगामात येणार होता. तोवर रहिवाशांनी आपल्या फाटकाला रोज हात लावावा, असं कळवायचं ठरलं. पट्ट्या काढायचं काम सुहासकडे आलं.

सरनाईकबाईंच्या फाटकावरची पट्टी तो पत्रीनं, रंगाऱ्याच्या चपट्या पात्यानं, खरवडत होता तेव्हा त्या बाजूला उभ्या होत्या.

"म्हणजे माझं फाटक गंजलं, कारण माझ्याकडे कुणी येत नाही."

"तसं नाही, बाई. आलेल्यानं हात लावला तर. गाडीनं येणारा लावत नाही."

"गाडीनं तरी कोण येतं? तुम्ही येता, तेही पेटी उघडायला." त्या हसल्या. "सबंध वसाहतीला आता कळलं हो कुणाकडे माणसांची ये-जा आहे ते. गंजावरून. पत्रिका बघायला नको."

त्या दिवसापासून सुहासला सगळी फाटकं तशीच दिसायला लागली. ज्या घरी नातवंडं येऊन गेली होती त्याचा खालचा भाग हिरवा. एका घरी पेपर टाकणारा टेकायचा तेवढीच एक पट्टी जिवंत. बाकी रांगच्या रांग तांबडी.

"आता मीच रोज हात लावायचा ना?" सरनाईकबाईंनी विचारलं. "लावीन. नाहीतरी सकाळी इथवर येतेच, कुणी दिसतं का बघायला."

*

त्याच्या स्वतःच्या फाटकाची गोष्ट वेगळी झाली होती.

डॉ. नीलोफरनी मधल्या हिरव्या जागेचा कणभर नमुना नेला होता. त्यांनी त्याला फोन केला. "धुरी, सांगू की नको असं होतंय. पण तुम्हाला सांगायला हवं. प्रत्येकाच्या हातावर त्याचे स्वतःचे जंतू असतात. माणसागणिक त्यांचा मेळ वेगळा. रोज हात लागला की त्यांतले थोडे लेपात शिरतात आणि तिथेच वस्ती करतात. मी त्याला हातखूण म्हणते. तुमच्या फाटकावर एकच हातखूण आहे. वहिनींची."

सुहासनं विचारलं, "जिवंत आहे?"

"जंतू जिवंत आहेत. जंतू, धुरी. त्या नाहीत."

"ते कळतं मला."

"जागा मात्र उपाशी आहे. फार दिवस टिकणार नाही."

"मी हात लावला तर?"

"तर लेप जगेल. पण तुमची हातखूण शिरली की त्यांची राहील का पुसली जाईल, मला माहीत नाही. कुणी बघितलेलंच नाही अजून. खोटं कशाला सांगू?"

सुहासनं विचार केला आणि एक निर्णय घेतला. पोटाला अन्न न मिळता ती जागा जितके दिवस टिकेल तितके दिवस ती रेवतीची राहील. दुसऱ्या कुणाची होणार नाही. त्याची स्वतःचीही नाही. खरवडून आणलेल्या पट्ट्यांमधली एक बरी पट्टी त्यानं निवडली आणि फाटकाच्या आतून, त्या हिरव्या जागेच्या वर, पुन्हा चिकटवली. हात लावू नये.

मग तो रोज सकाळी चहा घेऊन पायरीवर बसायचा आणि बघायचा. परातीएवढी जागा ताटलीएवढी झाली, मग वाटीएवढी. मार्गशीर्षात थंडी पडली तशी ती तळव्याएवढी उरली. त्याला तेव्हा फार वाटायचं की जाऊन हात ठेवावा. तो ठेवत नव्हता. एका सकाळी त्या जागेवरही तांबूस झाक होती, आणि पोपडा बोट न लावताच, वाऱ्यानं सुटला.

त्या दिवशी तो कामावर गेला नाही.

*

पौषात त्यानं फाटक उतरवायला घेतलं. आता साधा रंगच मारायचा होता. फाटक सरकवणारी दाती पट्टी सोडवली, मोटरची खिट्टी काढली, आणि सरकतं फाटक रुळावरून उचलून अंगणात भिंतीला टेकवून उभं केलं. उभं करताना त्याची बाहेरची बाजू त्याच्याकडे आली.

ती अखंड होती. काळपट हिरवी, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही डाग नव्हता.

ही बाजू आपण चार वर्षांत कधी नीट बघितलेलीच नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. तो वळणावरून बटण दाबायचा. पोहोचेपर्यंत फाटक भिंतीआड गेलेलं असायचं. बाहेर पडला की ते त्याच्या पाठीमागे बंद व्हायचं. शेकडो लोकांची फाटकं त्यानं आतून-बाहेरून तपासली होती. आपल्या फाटकाची बाहेरची बाजू कशी दिसते हे त्याला सांगता आलं नसतं. बाहेरून लावलेली पट्टीही तिथे नव्हती. ती कुणीतरी केव्हाच सोलून काढली होती, कडा न फाडता, सावकाश.

त्यानं नमुना घेतला आणि त्याच दुपारी मालवणला पोहोचवला. दोन दिवसांनी डॉ. नीलोफरचा फोन आला.

"दोन हातखुणा आहेत," त्या म्हणाल्या. "वरच्या थरात एक, ती ताजी आहे. रोज हात लागतोय. खालच्या थरात दुसरी."

"कुणाची?"

"वहिनींची. जशीच्या तशी. जिवंत."

सुहास उठून अंगणात टेकवलेल्या फाटकापाशी गेला.

"म्हणजे नवा हात जुन्याला पुसत नाही," तो म्हणाला.

"नाही. वरच्याला अन्न मिळालं की खालच्यालाही मिळतं. नवा हात जुन्याला पोसतो." त्या अडखळल्या. "धुरी, मला तेव्हा माहीत नव्हतं. नाहीतर मी..."

"तुम्ही तेच सांगितलं होतं, माहीत नाही म्हणून. आतल्या बाजूला मी हात लावला असता, तर ती राहिली असती."

त्यानंच पुढे विचारलं, "असंच ना?"

"असंच."

मग त्यानं विचारलं, "वरचा हात कुणाचा?"

"ते कसं सांगणार? एवढंच सांगते, त्या हाताला रोज मासे लागलेले असतात. ताजे. माशांच्या अंगावरचे जंतू भरपूर आहेत."

*

दुसऱ्या दिवशी त्यानं फाटक पुन्हा रुळावर चढवलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर उशिरा येतो म्हणून कळवून फाटकाच्या आत उभा राहिला. ऊन कौलांवर आलं तेव्हा बाहेर चपलांचा आवाज आला आणि थांबला. टोपली टेकल्याचा आवाज आला. मग पत्र्यावर काहीतरी अलगद टेकलं. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या कंबरेच्या उंचीवर.

त्यानं बटण दाबलं. फाटक सरकायला लागलं.

"अगे बाय माझे!" बाहेर मनीषा कुबल होती. बंदरावरून मासे घेऊन सड्यावर विकायला यायची ती. हात मागे घेऊन ती उभी राहिली. "दादानू, तुमी घरात? दिवसाचे?"

"तू रोज येतेस?"

"येतंय. पयलो फेरो हयसूनच." तिला वाटलं तो रागावला आहे. "हात लावूक नको काय? मी काय खराब करूक नाय हां तुमचा फाटक. आधी हयसर कागद होतो हात लावू नये म्हणान, तो वयनीनच काडल्यान. माका म्हणाली, तुझ्यासाठी नाय तो, लाव तू."

"मी रागावलो नाही. कशासाठी लावतेस ते सांग."

मनीषानं पदरानं तोंड पुसलं. "बोहणी ती. वयनीचो हात बरो होतो. तिना पयलो वाटो घेतलो काय दुपारपर्यंत टोपली रिकामी. घेवचा नसला तरी हात लावी टोपलीक. जा म्हणी." ती फाटकाकडे बघत होती. "आता ती नाय. पण हय उभी रवायची, हयच हात ठेवायची. म्हणान मी आपला हात लावतंय, कपाळाक लावतंय, नि जातंय. टोपली खपता, दादानू. खोटा नाय सांगणंय."

सुहासला तिला बरंच सांगायचं होतं. दोन थरांचं सांगायचं होतं. तो म्हणाला, "लावत जा."

"लावतंय मां! तुमका काय वाटला, तुमका विचारून थांबतलंय?" ती हसली आणि तिचे डोळे भरले. तिनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. "बांगडे हत आज. घेतास?"

"मला करता येत नाहीत."

"कापून देतंय. तिरफळां हत काय घरात?"

"माहीत नाही."

"बघा तरी जाऊन. वयनीचा घर ता, नसतली कशी?"

बांगड्याच्या कालवणात टाकायची ती तिरफळं होती. स्वयंपाकघरात दुसऱ्या फळीवर, गोड्या तेलाच्या जुन्या डब्यात. त्यानं डबा उघडून वास घेतला आणि पुन्हा बंद केला. बाहेर आला तोवर मनीषानं दोन बांगडे साफ करून पानात ठेवले होते. ती गेल्यावर त्यानं बटण दाबलं आणि फाटक बंद झालं. समोर आतली बाजू आली.

*

डॉ. नीलोफरनी पुढचं काम समजावून सांगितलं आहे. ते अवघड नाही. आतला पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा. बाहेरच्या बाजूचा, खालच्या थरासकट, तळव्याएवढा लेप खरवडून घ्यायचा, थोड्या खाऱ्या पाण्यात कालवायचा आणि आतून लावायचा. ब्रशानं नाही, हातानं. मग रोज हात लावत राहायचं. रोज लावला तर दोन्ही हातखुणा राहतील, खाली तिची आणि वर त्याची, असं त्या म्हणतात. कुणी करून बघितलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं आहे. खरवडलेली जागा मनीषाच्या हातानं बाहेरून भरून येईल, म्हणजे बाहेरची बाजू शाबूतच राहील.

सुहासनं 'हात लावू नये'ची पट्टी काढली आणि पत्रा घासला. या हवेत उघडा पत्रा एक रात्रही राहत नाही. सकाळी त्यावर पिवळट झाक येते. तो ती रोज पुन्हा घासून काढतो. पत्री धुऊन, पुसून खिडकीत ठेवलेली आहे. खाऱ्या पाण्याची वाटीही.

खरवडायचं अजून राहिलं आहे.